राहिलेलं काम

१

बंद पडलेली डिस्क घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा चेहरा दवाखान्यात आल्यासारखा असतो. मीही डॉक्टरसारखाच वागतो. कधी पडली, पाणी लागलं का, कुणी शहाणपणा करून उघडली का, सगळं विचारून घेतो आणि बजावतो की आता हिला पुन्हा जोडून बघायचं नाही. ते चार वेळा जोडून बघूनच आलेले असतात, ही गोष्ट वेगळी.

माझा स्वतःचाही तोच नियम आहे. मूळ डिस्क कधी सरळ मशीनला जोडायची नाही. लिहायला मनाई करणारा एक छोटा डबा मिळतो, तो मध्ये लावायचा, डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची आणि काय चिरफाड करायची ती नकलेवर. कारण डिस्कवर तुमचे फोटो असतात ते वेगळे आणि त्या फोटोंची खबरबात वेगळी. कुठल्या फोटोचं नाव काय, तो कुठल्या कप्प्यात आहे, मालक कोण, शेवटचा हात कधी लागला, हे डिस्क स्वतःपुरतं लिहून ठेवते. फोटो शाबूत राहिला आणि ही खबरबात गेली, तर तो फोटो असून नसल्यासारखा.

धंदा मी घरातूनच करतो. बाहेरच्या खोलीला गिऱ्हाइकांसाठी वेगळं दार आहे आणि आत घरात जायला दुसरं. घर बायकोचं आहे. म्हणजे बायकोचं आणि तिच्या पहिल्या नवऱ्याचं. ते गेल्यावर काही वर्षांनी आमचं लग्न झालं आणि मी माझी हत्यारं घेऊन इथे राहायला आलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी आपणच म्हणून टाकलेलं बरं.

त्यांना मी मनातल्या मनात थोरले म्हणतो. घरातली कपाटं थोरल्यांनी स्वतः केलेली, दारांच्या बिजागऱ्या त्यांनीच बसवलेल्या. सासूबाई आल्या की त्यांचा हात एखाद्या दारावरून फिरतो आणि मग ते वाक्य येतं: हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं त्यांना माहीतच नव्हतं. माझ्याशी बोलताना सासूबाई "हं"च्या पुढे जात नाहीत. जिवंत सवत परवडली. समोरच्याच्या चुका तरी दिसतात. मेलेला माणूस दर वर्षी आणखी चांगला होत जातो, आणि आपण मात्र ओला टॉवेल पलंगावर टाकून रोज बोलणी खातो.

एकच काम थोरल्यांच्या हातून राहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीवरची फळी. तिला तीन स्क्रू होते आणि चौथं भोक रिकामं. मी एकदा पेचकस घेऊन स्टुलावर चढलो, तर बायको म्हणाली, "राहू द्या ना. ते त्यांचं राहिलंय." मी उतरलो. पुढे रोज सकाळी त्या भोकाकडे बघत मी चहा प्यायचो.

२

बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर परक्या पुरुषांच्या कानामागे बोटं घालून "बसतोय ना नीट?" असं विचारायचं. मी एकदा दुकानाच्या काचेबाहेर उभा राहून पाहिलं होतं. ती दोन्ही हात उचलते, समोरच्याच्या कानांवर काड्या सारख्या करते, एक पाऊल मागे जाते आणि मान जराशी कलती करून बघते. तिचं कामच आहे ते. मला कळतं, पण वळत नाही. माझ्या स्वतःच्या चष्म्याची काडी मात्र कित्येक महिने चिकटपट्टीवर होती, आणि काचेवर नेमका मधोमध एक ओरखडा. दिव्याखाली अंधार. "आणते हो तुमचा," असं ती म्हणायची आणि विसरून जायची.

एका सकाळी ती कामावर निघताना जुन्या टॉवेलात गुंडाळलेली वस्तू घेऊन बाहेरच्या खोलीत आली. टॉवेल टेबलावर उलगडला. आत डिस्क होती.

"ही त्यांची," ती म्हणाली. "घर नवीन घेतलं तेव्हाचे फोटो आहेत. बघावेसे वाटतायत."

लग्नाआधीपासून तिला माझा धंदा माहीत होता. अख्ख्या गावाच्या डिस्क मी दुरुस्त केल्या, ही मात्र तिनं माळ्यावर ठेवली होती. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, बंद कशी पडली? मग तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दुपारची वेळ होती. थोरले मशीनसमोर बसलेले. ती आत आली तेव्हा ते पुढे कोसळले होते, हात कीबोर्डवर पडला होता आणि मशीन एकसारखं कर्कश वाजत होतं.

"तो आवाज मला सहन होईना," ती म्हणाली. "मी आधी वायर ओढली आणि मग त्यांना हात लावला. आधी वायर ओढली हो मी."

तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, एवढं मलाही समजत होतं. पण माझ्या मनात आलं, मी उद्या असा पडलो तर ही काय ओढेल? मी म्हणालो, रविवारपर्यंत बघतो. ती टॉवेलाची घडी घालून निघून गेली.

३

नक्कल काढायला पूर्ण दिवस लागला असता, आणि मला ते फोटो तिच्याआधी बघायचे होते. ती त्यांच्याकडे बघून कशी हसायची, हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी डबा बाजूला सारला आणि डिस्क सरळ मशीनला जोडली. मशीनला बजावलं की नुसतं वाचायचं, लिहायचं काही नाही.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. अशी डिस्क कुठलंही काम करण्याआधी ते एका राखीव जागी लिहून ठेवते. त्या जागेला जर्नल म्हणतात. अमुक नाव इथून काढायचं, तमुक कप्प्यात घालायचं, मालक हा, जागा ही. सगळं लिहून झालं की खाली एक खूण करते, की ठरलं. मगच प्रत्यक्ष कामाला हात घालते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी जागी झाल्यावर ती आधी जर्नल वाचते. खूण असेल तर राहिलेलं काम पुरं करते. खूण नसेल तर ते काम कधी मनात आलंच नव्हतं असं धरून सोडून देते.

आणि नुसतं वाचायचं असं सांगितलं, तरी राहिलेलं काम ती आधी उरकून घेतेच. तेही नको असेल तर वेगळं सांगावं लागतं. धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांना मी हे शिकवलेलं आहे. त्या दिवशी मी ते सांगितलं नाही. मत्सरानं माणूस आंधळा होतो म्हणतात, माझ्या बाबतीत तो विसराळू झाला.

पडद्यावर ओळ आली. तिचा अर्थ एवढाच, की राहिलेलं काम पूर्ण झालं.

ओळ मी पुन्हा वाचली. मग मी स्वतःलाच समजावलं की असून असून काय असणार, एखाद्या फाइलचं नाव बदलायचं राहिलं असेल. थोरले गेले त्या क्षणी त्यांची डिस्क काहीतरी ठरवून बसली होती, ते आता झालं. विषय संपला.

फोटो त्यांच्यासारखेच शिस्तीत होते. 'घर' नावाचा कप्पा, त्यात खोल्यांच्या नावांचे कप्पे. स्वयंपाकघर, झोपायची खोली, बाल्कनी. 'बाहेरची खोली' हा कप्पा रिकामा होता, कारण तेव्हा त्या खोलीत नुसती अडगळ असायची. बाकी सगळीकडे ती होती. नाकाला रंग लागलेली, शिडीवर चढलेली, भिंतीला पाठ टेकून बसलेली. कॅमेरा धरणाऱ्याकडे बघून ती ज्या तऱ्हेनं हसत होती तसं माझ्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघितला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग माझं लक्ष मालकाच्या रकान्याकडे गेलं. प्रत्येक फोटोपुढे मालक म्हणून माझं नाव होतं.

यात चमत्कार काही नाही. डिस्क मालकाचं नाव लिहीत नाही, आकडा लिहिते. ज्या मशीनला लावाल ते मशीन, हा आकडा आपल्याकडे कुणाचा, ते बघून नाव दाखवतं. मशीनवरच्या पहिल्या माणसाला बहुतेक ठिकाणी एकच ठरलेला आकडा मिळतो. थोरले त्यांच्या मशीनवर पहिले, मी माझ्या. तरी खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. तिच्या त्या सगळ्या हसण्यांचा मालक मी. हाच हिशेब उलटाही लागू पडतो, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना फळीकडे बघितलं, तर चौथ्या भोकात स्क्रू होता.

तो नवा नव्हता. बाकीच्या तिघांसारखाच जुनाट, डोक्यावर तेवढाच धुरकट थर बसलेला. मी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. बायकोनं सुताराला बोलावलं असणार. कधी, कुठल्या सुताराला, आणि मला न सांगता का, हे प्रश्न तोंडावर आले होते. तेवढ्यात ती मागून आली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. असं ती कधी करत नसे.

"लावलात एकदाचा," ती म्हणाली. "किती दिवस सांगत होते तुम्हाला."

ती मला कधीच सांगत नव्हती. मला तर तिनं स्टुलावरून उतरवलं होतं. हे तिला आठवत नव्हतं की ती दुसऱ्या कुणाशी झालेलं बोलणं माझ्याशी पुढे नेत होती, मला कळेना. विचारायला हवं होतं. पण तिची हनुवटी खांद्यावर होती.

"हो," मी म्हणालो. "म्हटलं, उरकून टाकावं."

ती हसली. ते हसणं मी आदल्या दिवशी मोठं करून बघितलं होतं.

५

मग एकेक होत गेलं. स्वयंपाकघरातला अडकणारा खण अलगद सरकू लागला. मोरीच्या दाराचा करकर आवाज थांबला. झोपायच्या खोलीतलं घड्याळ मी घरात आल्यापासून बंद होतं. ते चालायला लागलं, आणि बरोबर वेळ दाखवत होतं. मी दिवसभर बाहेरच्या खोलीत माझ्या टेबलाशी असायचो. आतून कधी पेचकस ठेवल्याचा, कधी लाकूड घासल्याचा आवाज यायचा. वरच्या मजल्यावर काम चाललं असेल, असं मी धरून चालायचो. वरचा मजला रिकामा आहे, ही माहिती मला होती. पण आवाज जुन्या इमारतीत कुठूनही कुठेही जातो.

दर वेळी बायको कौतुक करायची आणि दर वेळी मी ते घ्यायचो. नाही कसं म्हणणार? मी एवढी वर्षं ज्या घासासाठी ताटकळत होतो तो कुणीतरी आयता भरवत होतं. एका सकाळी चहात साखरच नव्हती. मी दोन चमचे घेतो. थोरले बिनसाखरेचा घ्यायचे, हे सासूबाईंकडून ऐकलेलं होतं. कप पुढे करताना ती अशी प्रेमानं बघत होती की मी तो कडू चहा तसाच संपवला.

त्याच दुपारी सासूबाईंचा फोन आला. फोन नेहमी लेकीला असतो, त्या दिवशी मला होता.

"जावईबापू, काल तुम्ही कडी बसवून गेलात ना, दार आता कसं छान लागतंय," त्या म्हणाल्या. आवाज इतका मऊ की मला आधी ओळखूच आला नाही. "तुमचं हे बरं आहे. हातात घेतलेलं काम तुम्ही अर्धवट टाकत नाही."

काल मी घराबाहेर पडलोच नव्हतो. एका वकिलाच्या डिस्कची नक्कल काढत बसलो होतो. पण तोंडातून काय निघालं? "अहो, त्यात काय एवढं, आई." फुकटचं श्रेय घ्यायची जिभेला चटक लागली होती.

मग धीर करून मी विचारलं, काल मी काही खाल्लं का तुमच्याकडे.

"कुठे हो! बसलातसुद्धा नाही. म्हणालात, ती घरी यायच्या आत मला पोचायला हवं."

मी फोन ठेवला. वाटायला हवी होती भीती, आणि तीही वाटत होती. पण तिच्यावर चढून बसलेली गोष्ट वेगळी होती. ती यायच्या आत तो पोचत होता, आणि मी आपला बाहेरच्या खोलीत.

६

मी तर्कानं चालणारा माणूस आहे. सासूबाईंचं वय झालंय. बायको माझ्यावर खूश आहे आणि खूश माणसाच्या आठवणी सरमिसळ होतात. स्क्रू तिनंच लावला असेल आणि श्रेय मला दिलं असेल, संसारात अशा गोष्टी चालतात. मला तपासता येण्यासारखी एकच गोष्ट होती. मी डिस्क काढली आणि या वेळी शहाण्यासारखी डब्यातून लावली. या डब्यातून डिस्कवर एक टिंबही उमटत नाही. त्या दिवशी बायको लवकर येणार होती. जाताना दारातून म्हणाली होती की आज तुमचा चष्मा नक्की आणते.

'घर' उघडलं. 'बाहेरची खोली' रिकामी नव्हती. तिच्यात एक फोटो होता.

टेबल, त्यावर पसरलेल्या डिस्क, आणि टेबलाशी बसलेल्या माणसाची पाठ. फोटो घरात जायच्या दारातून काढलेला होता. शर्ट मी आज घातलाय तो. मालकाच्या रकान्यात माझं नाव.

मी वळून दाराकडे बघितलं. ते अर्धवट उघडं होतं आणि पलीकडे नेहमीची बोळकंडी होती, कुणी नव्हतं.

मग मी जर्नल वाचायला घेतलं. ते कोरं असायला हवं होतं. राहिलेलं काम एकदा पुरं झालं की तिथे उरतं काय? पण तिथे नवी नोंद होती. नोंद साधी होती, अशा मी हजारो वाचल्या आहेत. 'घर' या कप्प्यातून 'बाहेरची खोली' काढायची आणि बेवारशांच्या कप्प्यात टाकायची. असा एक कप्पा प्रत्येक डिस्कवर राखलेला असतो. ज्यांचा ठावठिकाणा कुणाला सांगता येत नाही अशा वस्तू तिथे जातात. तिथे वस्तूला नाव उरत नाही.

मी त्या खोलीकडे बघितलं जिच्यात मी बसलो होतो. भिंती, दोन दारं, माझी हत्यारं, कोपऱ्यातला पंखा. सगळं जागच्या जागी होतं.

नोंदीखाली खूण नव्हती. मी पुन्हा वाचलं, खात्री केली. नोंद होती, खूण नव्हती. म्हणजे अजून ठरलेलं नव्हतं. आत्ता, या घडीला वायर ओढली तर हे काम कधी कुणाच्या मनात आलंच नव्हतं असं होणार होतं. मी खाली वाकून मशीन आणि पंखा दोन्हींना वीज देणारी वायर हातात धरली.

७

तेवढ्यात घराचं दार वाजलं. किल्ली फिरली, चपला काढल्याचा आवाज आला.

"अहो," तिनं हाक मारली.

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी आतून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, कुणीतरी "ओ" दिली. घाई नाही, दचकणं नाही, हातातलं काम न सोडता घरचा माणूस देतो तशी. आवाज माझ्यासारखाच होता, फक्त माझ्यापेक्षा बरा.

वायर माझ्या मुठीत होती. ओढायला कितीसा वेळ लागतो? बायकोनं नाही का ओढली होती, माणसाला हात लावायच्याही आधी. पण ओढली असती तर पंखा, मशीन, सगळंच खाडकन बंद पडलं असतं आणि ती दोघं बोलायची थांबली असती. आणि मला ऐकायचं होतं. ती त्याला काय म्हणते, कुठल्या आवाजात म्हणते, माझ्याशी कधी न बोललेलं काय बोलते. एवढं ऐकू दे, मग ओढतो, असं म्हणत मी वायर धरून तसाच वाकून राहिलो आणि कान आत लावले.

ती काहीतरी सांगत होती, दुकानातलं. मध्येच हसली. मग म्हणाली, "आता काही अर्धवट ठेवू नका हं."

"नाही ठेवत," तो म्हणाला.

मी मान वर करून पडद्याकडे बघितलं. नोंदीखाली खूण आली होती.

मी वायर ओढली. पंखा फिरत फिरत थांबला. आता ओढून उपयोग नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. खूण झाल्यावर वीज गेली तर काम फक्त थोडं लांबतं.

दाराशी गेलो. ते अजून अर्धवट उघडं होतं. ओरखड्यामुळे नीट दिसत नव्हतं, म्हणून मी चिकटपट्टीची काडी एका हातानं धरून फटीतून बघितलं. बोळकंडीच्या टोकाला ती उभी होती. तिनं दोन्ही हात उचलले होते, कुणाच्या तरी कानाच्या उंचीवर. त्या माणसाला दाराची कड झाकत होती. तिची बोटं तेवढी दिसत होती, नवी काडी कानामागे हळूच दाबून बसवताना, आणि त्या कानाची पाळी. कान थोडासा लाल झाला होता. माझा होतो तसा.

मी हाक मारली. तिला नावानं हाक मारली, दोनदा. आवाज माझ्या खोलीत फिरून माझ्याकडेच परत आला. दार ढकललं तर ते बंद होत गेलं. बिजागरीचा जरासुद्धा आवाज झाला नाही, इतकं ते छान बसवलेलं होतं.

पूर्ण मिटायच्या आत मला ती एकदा दिसली. एक पाऊल मागे सरून, मान जराशी कलती करून ती समोर बघत होती. त्या फोटोतल्यासारखं हसत होती.

"बसतोय ना नीट?" तिनं विचारलं.

आणि मी, अंधारलेल्या बाहेरच्या खोलीत एकटाच उभा राहून, सवयीनं मान हलवली.